बुडालेल्या पाणबुडीचे गुपित

आमच्या गिरगावातल्या चाळीत तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ राहत असत. सारी चाळ त्यांना ‘बोटवाले काका’ म्हणे. मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी ते इंग्रजांच्या मालवाहू बोटीवर आगवाले होते, म्हणजे बोटीच्या पोटात बसून भट्टीत कोळसा ओढायचे काम. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अटलांटिक महासागर कितीदा ओलांडला, ह्याचा हिशेब त्यांना स्वतःलाही राहिला नव्हता.

आम्हां पोरांना त्यांच्या एका गोष्टीचे फार नवल वाटे. काका रात्री झोपताना अंगातला सदरा काढीत नसत आणि वहाणा उशाशी घेऊन झोपत. वहाणा उशाशी! आमची आजी ह्या एका कारणावरून त्यांच्या हातचे पाणी घेत नसे. युद्ध संपून तेव्हा वीस वर्षे झाली होती; पण मध्यरात्री बोटीवर घंटा झाली तर वहाणा शोधण्यात वेळ जायला नको, ही सवय काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती.

मी एकदा त्यांना विचारले, “काका, जर्मन पाणबुडी दिसायला कशी असते हो?”

“कुणाला ठाऊक!”

“म्हणजे? तुमच्या शेजारची बोट बुडवली ना तिने?”

“बुडवली तर! पण ती मेली दिसली कुठे? आगवाल्याला समुद्र दिसत नाही, बाळ, मग पाणबुडी कुठली दिसायला! दिसली असती तर निम्मी भीती गेली असती.”

आणखी एक गोष्ट ते नेहमी सांगत. एक्केचाळीस सालच्या पावसाळ्यात बोट भर समुद्रात एकाएकी वळे. सारंगाला विचारावे तर त्यालाही कारण ठाऊक नसे. वरून हुकूम आला, एवढेच. दिवस जास्त लागत. पण त्या पावसाळ्यात त्यांच्या ताफ्यातले एकही जहाज बुडाले नाही. काका ह्याचे सारे श्रेय मारलेश्वराला देत. त्यांनी नारळ बोलला होता आणि मुंबईला परत आल्यावर पहिल्या रजेत तो वाहूनही आले होते.

काकांना न दिसलेली ती पाणबुडी मी पुढे पुस्तकांतून शोधीत राहिलो. वाचता वाचता एका पाणबुडीपाशी मात्र थबकलो. तिचे नाव ‘यू-११०’. जर्मनीच्या शेकडो पाणबुड्यांपैकी ही एक. पराक्रम म्हणाल तर बेताचाच. पण तिची आणि तिच्या कप्तानाची हकीकत अशी आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

* * *

कप्तानाचे नाव फ्रिट्झ-युलिउस लेम्प. १९१३ साली चीनमधल्या त्सिंगताओ बंदरात त्याचा जन्म झाला. हे बंदर त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होते. अठरा वर्षांचा असताना तो आरमारात शिरला आणि पंचविशीत ‘यू-३०’ ह्या पाणबुडीचा कप्तान झाला. माणूस उमदा, हाताखालच्या लोकांत प्रिय. त्याचे एक लाडके कुत्रे होते. त्या कुत्र्याचे चित्र त्याने पाणबुडीच्या मनोऱ्यावर काढून घेतले होते.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये, युद्ध पुकारले जाण्यापूर्वीच, ‘यू-३०’ आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रात दबा धरून होती. ३ सप्टेंबर रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन ह्यांनी रेडिओवरून युद्धाची घोषणा केली. त्याच संध्याकाळी लेम्पला एक मोठे जहाज दिसले. दिवे मालवलेले, नागमोडी वळणे घेत चाललेले. हे शत्रूचे सशस्त्र जहाज असले पाहिजे असे त्याने ठरविले आणि पाणतीर सोडले.

ते जहाज होते ‘अथेनिया’. ग्लासगोहून माँट्रिअलला निघालेले उतारूंचे जहाज! युद्धाच्या भीतीने युरोप सोडून चाललेल्या बायका-मुलांनी ते भरले होते. उतारूंची जेवणाची वेळ होती. युद्धाला नऊ तासही झाले नव्हते, तोच त्याचा पहिला घाव असा बसला. शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत अमेरिकन नागरिकही होते.

युद्धालाही कायदे असतात. १९३६ साली लंडनला झालेल्या कराराप्रमाणे व्यापारी वा उतारूंच्या जहाजावर पाणबुडीने न बजावता हल्ला करावयाचा नाही, आधी माणसांना सुरक्षित उतरू द्यावयाचे, असे ठरले होते. त्यावर जर्मनीचीही सही होती. लेम्पने हा कायदा मोडला होता. मुद्दाम नव्हे, चुकीने. ‘अथेनिया’ने मदतीसाठी पाठविलेला बिनतारी संदेश त्याच्या पाणबुडीत ऐकू आला आणि आपण काय करून बसलो ते त्याला उमगले. पण त्याने त्या बुडत्या लोकांना मदत केली नाही, नि वरिष्ठांना संदेशही पाठविला नाही. तो तेथून निघून गेला.

पुढचा प्रकार अधिक वाईट आहे. सप्टेंबरच्या अखेरीस लेम्प विल्हेल्म्सहाफेन बंदरात परतला. धक्क्यावर पाणबुडी-दलाचा प्रमुख ड्योनिट्झ उभा होता. लेम्पने त्याला खरे ते सांगून टाकले. त्याला विमानाने बर्लिनला धाडण्यात आले. तिकडे जर्मन सरकारने ‘आमची एकही पाणबुडी त्या भागात नव्हती’ असे जगाला केव्हाच सांगून टाकले होते. आता सत्य सांगायचे कसे? तेव्हा ठरले असे, की सत्यच बदलायचे! ‘यू-३०’च्या रोजनिशीतले त्या दिवसाचे पान काढून टाकण्यात आले, त्या जागी पाणबुडी भलतीकडेच असल्याचे दाखविणारे दुसरे पान घालण्यात आले आणि खलाशांकडून गुप्ततेच्या शपथा घेण्यात आल्या. ऑक्टोबरमध्ये तर नाझी पक्षाच्या मुखपत्राने पहिल्या पानावर छापले, की ‘अथेनिया’ चर्चिलनेच बुडविले!

लेम्पला शिक्षा झाली नाही. उलट पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आणखी बरीच जहाजे बुडविल्याबद्दल, त्याच्या गळ्यात ‘नाइट्स क्रॉस’ हे मानाचे पदक पडले.

खोट्याचा गाडा मात्र एका माणसावर अडला. लेम्पचा एक खलाशी, आडॉल्फ श्मिट, सप्टेंबरमध्येच जखमी झाला होता आणि उपचारासाठी त्याला आइसलँडमध्ये रेक्याविकला उतरविले होते. उतरण्यापूर्वी त्याच्याकडून मौनाचा लेखी कबुलीजबाब घेतला होता. पुढे इंग्रजांनी आइसलँड ताब्यात घेतले आणि तो त्यांच्या हाती लागला. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याचे प्रतिज्ञापत्र पुढे आले, तेव्हा त्या बदललेल्या पानाची कथा जगाला समजली. ड्योनिट्झनेही ती मान्य केली. पण ते सारे ऐकायला लेम्प हयात नव्हता.

* * *

१९४० च्या नोव्हेंबरात लेम्पला नवी पाणबुडी मिळाली. ब्रेमेनला बांधलेली, ‘नऊ-बी’ जातीची. हीच आपली ‘यू-११०’. लांबी साडेशहात्तर मीटर. म्हणजे आपल्या चार-पाच आगबोटी-बसेस नव्हे, चांगली सहा-सात एस. टी. गाड्या एकापाठोपाठ उभ्या कराव्यात एवढी. पुढे चार आणि मागे दोन नळ्या, पोटात बावीस पाणतीर. पृष्ठभागावर ती ताशी अठरा सागरी मैल धावे. पण पाण्याखाली विजेच्या घटांवर चालताना जेमतेम सात. म्हणून ही पाणबुडी नावाचीच पाणबुडी! बहुतेक वेळ ती पाण्यावरच असे. बुडी मारायची ती हल्ल्यासाठी किंवा जीव वाचविण्यासाठी.

आत जवळजवळ पन्नास माणसे. एकाने उठावे तेव्हा दुसऱ्याने त्याच्या उबेत निजावे अशी बिछान्यांची व्यवस्था. डिझेलचा वास, ओले कपडे, छताला टांगलेली पावरोटी नि सॉसेजे. आपल्या चाळीतल्या खोल्यांना आपण नावे ठेवतो. पण ह्या लोखंडी नळीत महिना-महिना सूर्य न बघता राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती राजवाडेच ठरली असती.

मार्च १९४१ मध्ये ‘यू-११०’ पहिल्या मोहिमेवर निघाली. इंग्लंडकडे येणारा एक मोठा ताफा लेम्पला दिसला. त्याने बाकीच्या पाणबुड्यांना वर्दी दिली. लांडग्यांनी कळप घेरावा तशा त्या गोळा झाल्या. ह्या लढाईत एक तेलवाहू जहाज लेम्पने जायबंदी केले. पण त्याच लढाईत इंग्रज विनाशिकांनी जर्मनीचे दोन नामांकित पाणबुडीवीर गिळले. शेप्के मेला आणि क्रेट्श्मर कैद झाला. वर्दी देणारा लेम्प मात्र सुटला.

आठवड्याभराने एक विचित्र अपघात झाला. एका एकाकी जहाजावर तोफ डागायची म्हणून खलाशी पुढे धावले आणि घाईत तोफेच्या तोंडाचे झाकण काढायलाच विसरले. गोळा नळीतच फुटला, तोफ फाटली, पाणबुडीला इजा झाली आणि मोहीम अर्धवट टाकून लेम्पला फ्रान्सच्या लोरिआँ बंदरात परतावे लागले. घाईतल्या एका विसराळूपणाची ही किंमत. पुढे ह्याहून फार मोठी किंमत द्यावी लागणार होती.

* * *

१५ एप्रिलला ‘यू-११०’ पुन्हा बाहेर पडली. ह्या वेळी वर्तमानपत्रांसाठी वृत्तांत लिहिणारा एक युद्ध-बातमीदारही बरोबर होता. विजयाच्या गोष्टी लिहाव्यात म्हणून तो आला होता!

मेच्या पहिल्या आठवड्यात लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघालेला ‘ओबी ३१८’ हा ताफा हेरला गेला. ९ मेच्या सकाळी ग्रीनलंडच्या पूर्वेला ‘यू-११०’ आणि ‘यू-२०१’ ह्या दोन पाणबुड्या समुद्रावर एकमेकींजवळ आल्या. दोन्ही कप्तान मनोऱ्यावर उभे राहून बोलले. रात्रीची वाट पाहावी की दिवसाढवळ्याच हल्ला करावा? लेम्पने दिवसाचा पक्ष घेतला. आधी त्याने जायचे, अर्ध्या तासाने दुसऱ्याने, असे ठरले.

दुपारी बाराच्या सुमारास त्याने पाणतीर सोडले. ‘एस्मंड’ आणि ‘बेंगोर हेड’ ही दोन जहाजे बुडाली. पण लेम्प पेरिस्कोप वर ठेवून आणखी सावज पाहत राहिला आणि तो ‘ऑब्रिएशिया’ नावाच्या चिमुकल्या रक्षक-जहाजाच्या नजरेस पडला. ते सरळ अंगावर धावून आले. डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपे, धडाधड पडू लागली. पाणबुडीचे दिवे गेले, यंत्रे बंद पडली, विजेच्या घटांतून विषारी वायू सुटू लागला. आता ती खाली खाली जाणार आणि पाण्याच्या दाबाने चिरडली जाणार, असे सर्वांना वाटले. इतक्यात ती डोलू लागली. वर आली होती! लेम्पने झाकण उघडले. समोर ‘बुलडॉग’ आणि ‘ब्रॉडवे’ ह्या दोन विनाशिका तोफा रोखून येत होत्या.

“सर्वांनी बाहेर पडा!” त्याने हुकूम सोडला.

बिनतारी यंत्रावरच्या माणसाने विचारले, गुप्त पुस्तकांचे काय करू? राहू दे, पाणबुडी बुडतेच आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. ही गुप्त कागदपत्रे पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेली असत. समुद्रात फेकली की अक्षरे धुऊन जावीत म्हणून. फक्त फेकायची होती. आणि तीच फेकली गेली नाहीत. पाणबुडी आपल्या पोटात पुरलेल्या सुरुंगांनी वा शिरलेल्या पाण्याने दोन मिनिटांत तळाला जाईल, ह्या खात्रीने माणसे बर्फासारख्या पाण्यात उड्या घेऊ लागली.

* * *

‘बुलडॉग’चा कप्तान जो बेकर-क्रेसवेल ह्याने आधी पाणबुडीला धडक मारायची म्हणून जहाज पूर्ण वेगाने सोडले होते. पण धडकेपूर्वी त्याला एकदम जुनी गोष्ट आठवली. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, ‘मॅग्डेबर्ग’ नावाची जर्मन युद्धनौका बाल्टिक समुद्रात रुतली होती आणि तिच्यावरची सांकेतिक पुस्तके रशियनांच्या हाती लागून इंग्रजांना अपार फायदा झाला होता. त्याने जहाज थांबविले. बुडविण्यापेक्षा ही जिवंत सापडली तर!

तोफांच्या गोळीबाराने मात्र पाणबुडीच्या पाठीवर आलेले काही जर्मन मेले. बाकीचे लाटांवर तरंगत होते. त्यांत लेम्पही होता. पाण्यात असताना त्याच्या लक्षात आले, की पाणबुडी बुडत नाही! सुरुंग उडाले नव्हते. मनोरा तसाच पाण्यावर डोलत होता आणि आत ती पुस्तके, ते यंत्र, सारे जागच्या जागी होते. आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला हाक मारून त्याने पाणबुडीकडे परत पोहायला सुरुवात केली. त्यानंतर तो कुणालाही दिसला नाही. इंग्रजांनी त्याला गोळी घातली असे काही जर्मनांचे म्हणणे. इंग्रजांनी ते साफ नाकारले. थंडीने हात-पाय गळले असतील, हेही शक्य आहे. त्या क्षणी तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

मी ह्या जागेवर नेहमी थांबतो. ‘अथेनिया’च्या संध्याकाळी हाच माणूस आपली चूक ओळखूनही पाठ फिरवून निघून गेला होता. ह्या वेळी चूक ओळखल्यावर तो मागे वळला. पण वळायला उशीर झाला होता.

* * *

‘बुलडॉग’वरून एक होडी सुटली. तिच्यात आठ खलाशी आणि त्यांचा नायक डेव्हिड बाम, वय वर्षे वीस. आपल्याकडे ह्या वयाचा मुलगा कॉलेजात असतो. लाटेने होडी उचलून थेट पाणबुडीच्या पाठीवर नेऊन आदळली. बाम मनोऱ्यावर चढला. खाली जाणारी शिडी सरळ उभी. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय उतरता येत नाही. म्हणून पिस्तूल म्यानात घालणे भाग. खाली कुणी लपून बसला असेल तर पहिला पाय दिसताच गोळी घालील. आणि कुणी नसेल तर सुरुंग केव्हाही उडेल.

तो उतरला. खाली कुणीच नव्हते. मंद निळसर दिवे जळत होते. दूरवर अजून फुटणाऱ्या डेप्थ चार्जचे हादरे तेवढे ऐकू येत होते. म्हाताऱ्या बामने पुढे अनेकदा सांगितले, की त्या शांततेची भीती त्याच्या मनातून आयुष्यभर गेली नाही.

त्याने आपल्या माणसांना खाली बोलावले. साखळी करून हातोहात पुस्तके, नकाशे, कागद वर चालले. बिनतारीच्या खोलीत ॲलन लाँग ह्या तारायंत्र्याला टंकलेखन यंत्रासारखे काहीतरी दिसले. त्याने बटणे दाबून पाहिली तर भलतीच अक्षरे उजळली. गडी हुशार, त्याने स्क्रू काढून ते यंत्र उचलले. कित्येक तास हे काम चालले होते. मध्ये जहाजावरून सँडविच आले; ते बामने लेम्पच्या मेजाशी बसून खाल्ले.

ते यंत्र म्हणजे ‘एनिग्मा’. कळ दाबली की आतली चक्रे फिरतात आणि दुसरेच अक्षर दिव्याने उजळते. पुन्हा तीच कळ दाबा, तर तिसरेच. जर्मन आरमाराच्या यंत्रात आठांपैकी तीन चक्रे निवडून लावीत. नुसत्या त्या निवडीचे आणि क्रमाचे ३३६ प्रकार होतात. प्रत्येक चक्राच्या २६ जागा. शिवाय पुढच्या फळीवर तारांची अदलाबदल. जुळवणी रोज बदले. दुसऱ्या टोकाला तसेच यंत्र आणि तीच जुळवणी असेल तरच संदेश उलगडे. त्यामुळे जर्मनांची खात्री होती, की जगातला कोणीही मनुष्य हे कोडे सोडवू शकणार नाही.

‘यू-११०’तून यंत्राबरोबर आरमाराची संक्षिप्त संदेशांची पुस्तके, अधिकाऱ्यांच्या खास संदेशांच्या सूचना आणि समुद्राचे सांकेतिक नकाशेही मिळाले. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्यूरिंग आणि त्याचे सहकारी ह्याच कोड्याशी झगडत होते. त्यांच्या दृष्टीने हे घबाड होते. पाणबुडी दोरखंडाने बांधून आइसलँडकडे ओढत नेण्यात आली. पण दुसऱ्या दिवशी, १० मेला, ती बुडाली. बेकर-क्रेसवेलला फार हळहळ वाटली. नंतर लक्षात आले, की बुडाली हे उत्तमच झाले. ती बंदरात उभी राहिली असती तर जर्मन हेरांना सुगावा लागला असता आणि संकेत बदलले गेले असते.

* * *

आता प्रश्न होता मौनाचा. पाण्यातून वाचविलेल्या ३२ जर्मनांना वर घेताच जहाजाच्या तळाशी नेण्यात आले होते, म्हणजे आपली पाणबुडी कोणी चढून तपासतो आहे हे त्यांना दिसू नये. पंधराजण, कप्तानासकट, मेले होते. त्या कैद्यांना पाणबुडी आपल्या गुपितांसह बुडाली असेच वाटत राहिले.

आणि इंग्रज खलाशी? त्या जहाजांवरच्या शेकडो माणसांनी सारे डोळ्यांनी पाहिले होते. ती माणसे रजेवर घरी गेली, खानावळीत बसली, बायकांना, आईला भेटली. पण एकाच्याही तोंडून ही गोष्ट बाहेर पडली नाही! राजे सहावे जॉर्ज ह्यांनी बामला पदक देताना सागरी युद्धातली ही बहुधा सर्वांत महत्त्वाची घटना असे उद्गार काढले म्हणतात. पण पदक कशाबद्दल हे मात्र सांगायची सोय नव्हती. १९५९ साली पाणबुडी पकडल्याची गोष्ट प्रसिद्ध झाली. तरी ब्लेचलीचे काम गुप्तच राहिले. ते जगासमोर आले १९७४ साली.

फायदा काय झाला? प्रामाणिकपणे सांगायचे तर सारे श्रेय एकट्या ‘यू-११०’चे नव्हे. त्याच वसंतात जर्मनांची हवामान कळविणारी एक बोटही पकडली गेली होती आणि तिच्यावरून जूनमधल्या जुळवण्या मिळाल्या. पण सारे तुकडे एकत्र आले आणि १९४१ च्या उन्हाळ्यात ब्लेचलीतले लोक जर्मन पाणबुड्यांचे संदेश जवळजवळ पाठविले तेव्हाच वाचू लागले. अमुक ठिकाणी टोळी दबा धरून बसली आहे, असे कळे आणि ताफ्याला त्या जागेला वळसा घालण्याचा हुकूम जाई. जूनमध्ये पाणबुड्यांनी तीन लाख टनांच्या घरात जहाजे बुडविली होती; जुलैमध्ये हा आकडा एक लाखाच्याही खाली आला. ह्याला इतर कारणेही होती; पण हे एक मोठे कारण.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत जर्मनांनी यंत्राला चौथे चक्र जोडले आणि ब्लेचली पुन्हा आंधळी झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘यू-५५९’ मधून कागद काढताना फॅसन आणि ग्रेझियर हे दोन इंग्रज खलाशी पाणबुडीबरोबर तळाला गेले, तेव्हा कुठे पुन्हा वाट सापडली. बामवर जी वेळ आली नव्हती, ती त्यांच्यावर आली. युद्ध संपेपर्यंत जर्मनीच्या चाळीस हजार पाणबुडी-सैनिकांपैकी सुमारे तीस हजार परत आले नाहीत. शिकारी म्हणवणाऱ्यांपैकी चारांतले तिघे गेले! १९४१ मध्ये वाचलेले लेम्पचे ३२ सोबती कैदेत होते, म्हणून जगले, असे म्हणायला हरकत नाही.

२००० साली हॉलिवूडने ‘यू-५७१’ नावाचा चित्रपट काढला आणि त्यात एनिग्मा पकडण्याचे श्रेय अमेरिकन खलाशांना देऊन टाकले. इंग्लंडमध्ये लोक संतापले, पार्लमेंटातही ओरड झाली. बाम तेव्हा हयात होता. पंचाण्णव वर्षांचा होऊन तो २०१६ साली वारला.

* * *

मला ह्या हकीकतीत एक गोष्ट चमत्कारिक वाटते. लेम्पच्या आयुष्यातले दोन प्रसंग, दोन्ही कागदांचे. १९३९ साली जो कागद जपायला हवा होता, म्हणजे रोजनिशीचे खरे पान, तो त्याच्या वरिष्ठांनी नाहीसा केला. १९४१ साली जे कागद नाहीसे करायला हवे होते, ते जसेच्या तसे राहिले. आणि शेवटी ते दोन्ही जगासमोर आले. माणसे खोटे बोलतात, विसरतात, मरतात. कागद मात्र आपली वेळ येताच बोलतात.

मुंबईत मशीद बंदरजवळ इंडियन सेलर्स होम आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या भारतीय आरमारी आणि व्यापारी खलाशांचे स्मारक आहे. सहा हजारांवर नावे आहेत त्या यादीत. त्यांना बाम कोण आणि लेम्प कोण हे कळायचे कारण नव्हते. त्यांना काळोखातून आलेला पाणतीर तेवढा कळला. मी ती नावे वाचू लागलो की मला काका आठवतात. ते त्या यादीत नाहीत. ते आमच्या चाळीत, आपल्या खोलीत, अंथरुणावर गेले, १९७२ साली. उशाशी वहाणा होत्याच.

गुपित फुटायला तेव्हा अजून दोन वर्षे होती. भर समुद्रात आपली बोट का वळत होती, हे त्यांना कधीच कळले नाही. एका वीस वर्षांच्या इंग्रज पोराने पिस्तूल म्यानात घालून एका शिडीवरून खाली पाय टाकला होता आणि कोण्या कारकुनाने कुठल्याशा झोपडीवजा कचेरीत रात्रभर जागून काही अक्षरे जुळवली होती, म्हणून गिरगावातल्या आमच्या चाळीत एक म्हातारा आम्हां पोरांना गोष्टी सांगायला जिवंत राहिला असेल. असेल म्हणतो, कारण त्यांचीच बोट कुठल्या हुकुमाने वळली हे आता कोण सांगणार?

गेल्या वर्षी मी मारलेश्वरला गेलो होतो. दर्शन झाल्यावर काकांच्या नावाने एक नारळ वाहिला. मग थोडा विचार केला आणि दुकानातून आणखी एक विकत आणला.